टायरचे गाल

टायरला गाल असतात हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. रस्त्याला घासते ती नक्षी, आणि नक्षीपासून रिमपर्यंत दोन्ही बाजूंना जो उभा रबर असतो तो गाल. हा शब्द कुठल्या कंपनीच्या पुस्तकात सापडायचा नाही. तो माझ्या बाबांचा होता आणि लकडगंजातल्या आमच्या टायरच्या दुकानापुरताच चालायचा. "नक्षी गिऱ्हाईक पाह्यते, आपण गाल पाहाचे," असं ते म्हणत. पाहायचे म्हणजे नुसत्या डोळ्यांनी नाही. अंगठ्यानं रबर दाबायचा, गुडघा लावून टायर वाकवायचा, वाकला की भेगा उघडतात का ते बघायचं, आणि शेवटी नाक लावायचं. चांगल्या रबराला वास असतो, मेलेल्याला फक्त धुळीचा वास येतो. बाबा हे सगळं शिकवत होते माझ्या मोठ्या भावाला, वसंतदादाला. मी आपली चहाचे कप गोळा करायला तिथे. पण दादाच्या एका कानातून शिरलेलं दुसऱ्या कानातून बाहेर पडायचं आणि ते मी वेचून घ्यायचे. कपांबरोबर एवढं तर उचलता येत होतंच.

दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर होतं. समोर लाकडाच्या वखारी, त्यामुळे सकाळी आठपासून आरा मशीनचा तो कानात घुसणारा आवाज सुरू व्हायचा आणि जेवणाच्या सुट्टीत थांबला की आम्ही सगळे उगाचच हळू बोलायला लागायचो. आमच्या कॉम्प्रेसरचं ढकढक वेगळं. सागवानाचा भुसा उडून घरात यायचा, तो पोळीत असायचा, वरणात असायचा, आईच्या केसांत असायचा. आई म्हणायची, या घरात मीठ कमी पडलं तर चालते, भुसा कधी कमी पडत नाही. दुपारी बाबा हात घासून आत येत, पण त्यांच्या बोटांचा काळेपणा काही जात नसे. तशाच बोटांनी ते गोळाभात कालवत, वर आईनं हिंगाची गरम फोडणी सोडलेली, बाजूला मिरचीचा ठेचा. पहिला घास घेईपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग ते दादाला विचारत, आज काय पाहिलंस. दादा काहीतरी ठोकून द्यायचा. मग ते माझ्याकडे न बघता म्हणत, "अन् शोभे, तू?" आणि मी सांगायचे. त्या प्रश्नासाठी मी दिवसभर थांबत असे. आज हे लिहिताना स्वतःचाच राग येतो.

दुकानात एक नियम होता. जे टायर कामातून गेलं, त्याच्यावर पांढऱ्या खडूनं फुली. फुलीचं टायर कोणाच्याही गाडीला लागायचं नाही, मग गिऱ्हाईक ओळखीचं असो की पाया पडत असो. खडू बाबांच्या खिशात असायचा. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा एका ट्रकवाल्याच्या टायरवरून बाबा आणि दादा दोघांनीही हात फिरवला, दोघांनीही ठीक म्हटलं, आणि मी म्हटलं की आतल्या गालावर फुगा आहे. होता. बाबांनी खिशातला खडू काढून मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. दादा तिथेच उभा होता. त्या दिवशी तो जेवायला आला नाही. मला वाटलं, रागावलाय, दोन दिवसांत विसरेल. मुलग्यांचे राग आपण समजतो तेवढ्या लवकर उतरत नाहीत, कारण उतरवायची त्यांना कधी गरज पडत नाही.

आमच्या गिऱ्हाइकांत एक नामदेवकाका होते. नागपुरात समुद्र नाही, नदी म्हणावी तर तिची अवस्था सगळ्यांना ठाऊक, पण काकांकडे इंजिनाची नाव होती. पावसाळा संपला की ते तळ्या-तळ्यांवरच्या जत्रांना ती नेत आणि लोकांना फेरी मारून आणत. नाव वाहून न्यायला त्यांनी जुन्या जीपचा आस घेऊन दोन चाकांची गाडी बनवून घेतली होती. ती भाड्याच्या जीपच्या मागे बांधून निघाली की रस्त्यावरची पोरं मागे धावायची. वर्षातले दोन महिने ती फिरे आणि दहा महिने तळ्याच्या काठी उन्हात उभी राही. बाबांना ती गाडी मुळीच आवडत नसे. "ट्रकचं टायर चालून मरते नामदेवभाऊ," ते सांगत, "तुमचं उभं राहून मरते. घासत नाही म्हणून नक्षी नवी दिसते, अन् गाल सडून जाते." गाडी विटांवर चढवून ठेवा म्हणजे भार टायरवर येणार नाही. वरून बारदान टाका, ऊन लागू देऊ नका. नाव सोडताना चाकं पाण्यात जातात, तर बेअरिंगचं ग्रीस दर साली बदला. निघायच्या सकाळी, टायर थंड असताना हवा मोजा, रस्त्यात गरम झाल्यावर नाही. आणि दोन्ही टायर एका जोडीचे घ्या, एक पुण्यवान अन् एक पापी असा संसार चालत नाही. काका हसायचे. "जावयासारखं जपाव लागते का गा गाडीले?" बाबा म्हणत, "जावई रुसला तर घरी जाते. हे रुसलं तर तुमाले संग घेऊन जाते."

आता टायरच्या गालावर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर कधी जन्मलं ते शेंबडं पोरही वाचू शकतं, पण वाचत कोणी नाही. माझ्या मुलीच्या सोसायटीत मी खाली फिरायला जाते तेव्हा वाकून एकेका गाडीचे आकडे बघते. महिनोन्‌महिने जागची न हललेली एक मोठी गाडी आहे, तिच्या टायरला दहा वर्षं उलटून गेली. मालकाला सांगितलं, तर म्हणाला, काकू, नवेच आहेत, गाडी चाललीच कुठे! हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, आणि त्याची किंमत कोणी चुकवली तेही मला माहीत आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी माझी नरखेड तालुक्यातली आत्या आजारी पडली. विहिरीवर पडून तिचा खुबा मोडला होता, संत्र्याची बाग उघडी पडली होती, म्हणून बाबा एसटीनं तिकडे गेले. दुकान दादाकडे आणि गाल माझ्याकडे, असं ते जाताना म्हणाले होते, माझ्यादेखत आणि दादाच्याही. दसऱ्याच्या दोन दिवस आधी नामदेवकाका नावेची गाडी आमच्या अंगणात लावून गेले. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी रामटेककडच्या तळ्यावर जायचं, कोजागिरीपर्यंत तिथेच. टायर बघून ठेवा म्हणाले आणि गेले. मी बघितले. नक्षी खरंच नवी होती, बोट आत जाईल इतक्या खोल खाचा. पण गालावर केसासारख्या भेगा आणि उजवं टायर वाकवलं तर भेगांत आतला दोरा दिसायला लागला. वास धुळीचा. मी दोन्हींवर फुली मारली आणि दादाला सांगितलं की या मापाचं आपल्याकडे नाही, मागवावं लागेल, काकांना चार दिवस थांबायला सांग.

"काहून थांबन तो? जत्रा थांबते का?" दादा म्हणाला.

"गाल गेले आहेत दादा. ये न, वाकवून पाह्य."

"नवाच तर आहे वं टायर. सालभर उभाच होता, घासला कुठं?"

"उभा होता म्हणूनच तर..."

"बाबाचे डायलॉग मले नको मारू," तो म्हणाला. "तू पोळ्या लाट. मी पाहून घेतो."

मी फुलीवर भरवसा ठेवला. फुलीचं टायर दुकानातून जात नाही, हे मला सूर्य उगवतो इतकं पक्कं वाटत होतं. काकांच्या घरी जाऊन स्वतः सांगावं, हे डोक्यात आलंसुद्धा नाही. हे माझ्या वाट्याचं, आणि ते मी कोणावर ढकलत नाही.

दसऱ्याला आमच्याकडे दुकानाची पूजा. नटबोल्टचे पाने, जॅक, हवेचं मीटर सगळं घासून पाटावर मांडायचं, अंगणात ज्यांच्या ज्यांच्या गाड्या असतील त्या धुवायच्या, झेंडूच्या माळा बांधायच्या, आणि टायरांना काळं पॉलिश लावायचं. जुनं टायरसुद्धा पॉलिशनं असं चकाकतं की मालकाचं मन भरून यावं. मग चाकाखाली लिंबू ठेवून गाडी त्याच्यावरून पुढे न्यायची. एरवी हे मीच करायचे, पण त्या दिवशी आईनं मला चुलीपुढून हलू दिलं नाही. सणाच्या दिवशी लग्नाची पोरगी रस्त्यावर टायर पुसत बसली तर लोक काय म्हणतील, हे तिला अचानक सुचलं होतं. मी भजी तळत होते, आई कढी ढवळत होती, बाहेर आरती झाली, टाळ्या वाजल्या, जीप सुरू झाल्याचा आवाज आला. आमच्या अंगणात जीपचे आवाज रोजचेच.

भज्यांचं ताट घेऊन मी बाहेर गेले तेव्हा नावेच्या गाडीची जागा रिकामी होती. जमिनीवर दोन लिंबं चेंदून पडली होती. दादा कपाळाला गुलाल लावून खुर्चीत बसला होता. नामदेवकाका उद्या जाणार होते ते आजच गेले, असं त्यानं सांगितलं. दसऱ्याला शीव ओलांडावी, मुहूर्त चांगला, नाव आजच हलवतो म्हणाले.

"अन् फुली?" मी विचारलं.

"काळं लावल्यावर फुली कुठची वं?" दादा हसला. "काका पाहून खूश झाले. म्हणे, टायर तं नवरदेव दिसून राहिले."

"दादा, कोणाले तरी पाठव. सायकलवर, कशानंही. थांबव त्याईले."

"शोभे, रामटेक का विलायतेत आहे? पोचून बी गेला असन. भजे ठेव अन् जाय."

मी भजी ठेवली आणि गेले. रस्त्यावर धावत सुटले नाही, शेजारच्या वखारीत जाऊन कोणाला फोन करायला सांगितलं नाही. आत कढी उकळत होती आणि आई हाका मारत होती. माझ्या हातात अर्धा खडू होता ना, मग माझ्या तोंडाला काय झालं होतं, हे मी स्वतःला आजवर विचारते आहे.

ते पोचले नव्हते. कन्हानच्या पुलाच्या अलीकडे उजवं टायर फुटलं, गाडी आडवी झाली आणि जीपपासून तुटून उलटली. काका जीपमध्ये बसले असते तर वाचले असते. ते नावेत बसले होते. दसऱ्याच्या दिवशी, झेंडूच्या माळा घातलेल्या नावेत बसून गावातून मिरवत जायची त्यांना हौस होती, आणि लोक हात करत होते म्हणे. नाव त्यांच्या पायावर पडली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बाबा तिसऱ्या दिवशी आले. फुटलेलं टायर कोणीतरी दुकानात आणून टाकलं होतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली नाही, तिथेच उकिडवे बसले आणि गालावर हात फिरवला. मग नखानं काळं खरवडलं. पॉलिशच्या खालून पांढरी रेघ निघाली, तिला छेदणारी दुसरी निघाली. ते बराच वेळ खरवडत राहिले, पूर्ण फुली दिसेपर्यंत. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि नंतर दादाकडे. काही विचारावं लागलं नाही. दादाच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. मला रडू आलं, पण खरं सांगायचं तर त्यात सुटका होती. वाटलं, झालं, यांना कळलं. आता यांना सगळं कळलं.

तेवढ्यात नामदेवकाकांचे दोघे भाऊ आणि त्यांच्या वस्तीतली दहा-बारा माणसं अंगणात आली. समोरच्या वखारीतले हमालही काम सोडून उभे राहिले. मोठा भाऊ दादाच्या अंगावर धावून गेला, त्यानं दादाची कॉलर धरली. "कोनं पास केलं टायर? सांग, कोनं पाह्यलं होतं?"

बाबा उठले. चपलेनं टायर हळूच उलटं केलं, फुलीची बाजू जमिनीकडे गेली. मग दोन्ही हात जोडले.

"पोट्टीनं पाह्यलं," ते म्हणाले. "माह्यी चूक झाली भाऊ. मी घरी नव्हतो, पोट्टीच्या हाती खडू देऊन गेलो."

त्या माणसानं दादाची कॉलर सोडली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मारायला हात उगारावा तर समोर पोरगी, पोलिसात न्यावं तर तीही पोरगी. मागून कोणीतरी म्हणालं, "बाईमाणसाच्या हाती टायर देते का गा कोणी?" आणि तो जमाव, जो दादाचे हातपाय मोडायला आला होता, त्याला एकदम बाबांची कीव आली. बिचारा, पोरीवर विश्वास ठेवला. मी तोंड उघडलं, पण बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या न बघण्यानंच मी गप्प झाले. दादा कॉम्प्रेसरजवळ उभा राहून कॉलर नीट करत होता.

आत आल्यावर आईनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "बापाचा शब्द खाली नको पडू देऊ. तुले काय करणार आहे कोणी? दोन दिवस बोलतीन." तिला वाटलं तसे दोन दिवस नाही, दोन पिढ्या बोलले. खडू मी स्वतःच बाबांच्या सदऱ्याच्या खिशात परत टाकला, त्यांनी मागायच्या आत. त्या दिवसानंतर मी दुकानात पाय ठेवला नाही, आणि जेवताना त्यांनी मला "अन् शोभे, तू?" असं विचारलं नाही. उन्हाळ्यात माझं लग्न झालं. नवरा हिंगण्याच्या एका कारखान्यात होता. माणूस वाईट नव्हता, पण गोष्ट त्याच्या आधीच त्याच्या घरी पोचली होती. सासूबाई पुढची तीस वर्षं मला कुठल्या वाहनाला हात लावू देत नसत. नवरा मोटरसायकलला हवा भरायला निघाला की त्या ओरडत, "हिले सोबत नको नेऊ रे बापा." सगळे हसत. मीही हसायचे. ज्या एका गोष्टीत मी हुशार होते, त्याच गोष्टीवरून घरात माझी चेष्टा होत राहिली. दुकान दादानं चालवलं. आता तिथे त्याचा मुलगा मोबाईलची कव्हरं विकतो.

मी बाबांना माफ केलेलं नाही. ही ओळ लिहून मी दोनदा खोडली आणि पुन्हा लिहिली. ते शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मी महिनाभर माहेरी राहून त्यांचं सगळं केलं. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. दर वेळी वाटायचं, आता म्हणतील काहीतरी. ते पाणी मागत, औषध नको म्हणत, दादा जेवला का विचारत. बस.

त्यांच्या तेरवीला नामदेवकाका आले. खूप म्हातारे झाले होते, एका बगलेत कुबडी. त्यांना पंगतीत खाली बसता येईना, म्हणून मी मागच्या खोलीत खुर्ची दिली आणि तिथेच ताट वाढलं. इतक्या वर्षांत आम्ही समोरासमोर आलो नव्हतो. मी हात जोडले आणि म्हटलं, "काका, ते टायर मी पास केलं नव्हतं." कशी हिंमत झाली कोण जाणे. बाप गेल्यावर शब्द खाली पडायची भीती उरली नव्हती बहुतेक.

काकांनी घास ताटात ठेवला. "मालूम आहे वं मले."

"कसं मालूम?"

"तुह्या बापानं सांगतलं न. माह्ये भाऊ तुमच्या अंगणात आले होते, त्याच दिवशी. संध्याकाळी दवाखान्यात आला, माह्या खाटेवर डोकं ठेवून रडला. म्हणे, पोट्टीनं फुली मारली होती, पोट्ट्यानं काळं लावून झाकली. पण पोट्टी तं परघरी जाणार आहे नामदेवभाऊ, पोट्ट्याले इथंच दुकान चालवाचं आहे, तुमी तुमच्या भावाईले सांगू नका. लय रडला. मी म्हटलं, माह्या पाय तं आता येत नाही, तुह्या पोरगा कायले घालवू? नाही सांगत."

मी उभी होते. हातात वरणाची वाटी होती. बाहेर दादा पाहुण्यांना आग्रह करत होता, त्याचा आवाज येत होता. म्हणजे बाबा ते बोलू शकत होते. डोकं टेकून, रडून, पूर्ण खरं बोलू शकत होते. फक्त माझ्यापाशी नाही.

काका माझ्याकडे निरखून बघत होते. "काहून वं?" ते म्हणाले. "असं काहून पाह्यतं? मले तं वाटलं, तुले विचारूनच केलं असन त्यानं."

दारात आई येऊन उभी राहिली होती. पांढऱ्या कपाळाची, वाळून गेलेली, भिंतीला धरून. तिनं सगळं ऐकलं होतं.

"हो काका," मी म्हटलं. "विचारलं होतं."

आणि त्यांच्या भातावर वरण वाढलं. आज आईही नाही, म्हणून लिहिते. मला कोणी विचारलं नव्हतं.